काकांची सहा हजार माणसं

खोली भाड्याने देताना लोक आधार कार्ड मागतात. आमच्या घरमालक काकांनी माझ्या पणजोबांचं नाव मागितलं.

"आधार कार्ड काय हो, कुणाकडेही असतं," ते म्हणाले. "पणजोबा सांगा."

मी तेव्हा नाशिकरोडच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नुकतीच लागले होते. दिवसभर लोकांच्या दंडात सुया टोचायच्या आणि संध्याकाळी खोली शोधत फिरायचं, असा क्रम चालला होता. पणजोबांचं नाव मला माहीत नव्हतं. तसं सांगितल्यावर काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे इतक्या दयेने पाहिलं की मला उगाचच अनाथ असल्यासारखं वाटलं. "वडिलांना फोन लावा," ते म्हणाले. "स्पीकरवर."

आमचं गाव येवल्याकडचं. आबा त्या वेळी कांद्याच्या चाळीत होते.

"आबा, माझ्या पणजोबांचं नाव काय होतं?"

आबा एकदम सावध आवाजात म्हणाले, "का गं? सातबाऱ्यावर काय झालं का?"

"काही झालं नाही. खोली भाड्याने घ्यायला पाहिजे."

"खोलीला पणजा कशाला लागतो? तिथं तलाठी बसलाय का? दे त्याला फोन."

शेवटी आबांनी नाव सांगितलं. दगडू नामदेव. घरात पाटीलकी होती म्हणून सगळे दगडू पाटील म्हणायचे. काकांनी ते एका जाड रजिस्टरात लाल शाईने लिहिलं, खाली रेघ मारली आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. माझं स्वतःचं नाव त्यांनी आठवडाभराने विचारलं.

मुळात ती खोली इतके दिवस रिकामी का होती, हेही सांगायला हवं. काकांनी फाटकावर 'खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी लावली होती, पण मोडी लिपीत. मोडी ते एका ऑनलाइन वर्गात शिकले होते आणि शिकलेलं वाया घालवायचं नाही असा त्यांचा बाणा होता. येणारेजाणारे पाटीकडे बघायचे आणि पुढे जायचे. एका बाईंना तो कसला तरी मंत्र वाटला, त्या दर गुरुवारी पाटीला फूल वाहून जायच्या. काकूंची वाण्याची यादीसुद्धा एकदा मोडीतून गेली, तेव्हा वाण्याने फोन करून विचारलं, "काकू, यादी पाठवलीय की ईसीजी?" मला खोली मिळाली ती काकू साखर तपासायला लॅबमध्ये आल्या आणि दंड पुढे करून त्यांनी रिकाम्या खोलीचं रडगाणं गायलं म्हणून.

काका एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. उभी नोकरी कंट्रोल रूममध्ये गेली. तिथे म्हणे भिंतभर दिवे असतात, आणि कुठे काही बिनसलं की दिवा लुकलुकतो आणि घंटी वाजते. घंटी वाजली की माणसाने पहिलं काम एकच करायचं, 'ॲक्सेप्ट' लिहिलेलं बटण दाबायचं. त्याने आवाज बंद होतो. मग डोकं शांत ठेवून बघायचं, काय बिघडलंय ते. ही सवय काकांच्या हाडात मुरली होती. कुकरची शिट्टी झाली की दिवाणखान्यातून आवाज यायचा, "ॲक्सेप्टेड!" गॅस बंद करायला मात्र काकूच उठायच्या. मोबाइल वाजला आणि पलीकडून कुणी काहीही विचारलं तरी काका आधी हो म्हणून मोकळे व्हायचे. त्यामुळे महिनाभर त्यांच्या फोनवर एक भोजपुरी गाणं कॉलर ट्यून म्हणून वाजत होतं. शेजारीपाजारी काही काम नसताना त्यांना फोन लावायचे आणि गाणं संपलं की ठेवून द्यायचे.

निवृत्तीनंतर माणसं बागकाम करतात, भजनाला जातात. काका पूर्वज शोधायला लागले, तेही खुर्चीतून न उठता. "पिढी म्हणजे काय?" ते समजावून सांगायचे. "शिफ्ट! एकाने चार्ज सोडला, दुसऱ्याने घेतला. मधे खुर्ची रिकामी राहिली की घोटाळा." आपल्या वडिलांना ते 'मागची शिफ्ट' म्हणायचे. त्यांचा मुलगा पुण्याला असायचा, तो 'पुढची शिफ्ट'. पुढची शिफ्ट कधी फोन करायची नाही, याबद्दल काका रजिस्टरात शेरा मारून ठेवायचे.

रविवारी सकाळी खाली पार्किंगमध्ये त्यांचा मोफत वर्ग भरायचा, 'घरबसल्या वंशावळ'. स्कूटर बाहेर काढायची, दोरीवर पांढरी चादर अडकवायची, प्रोजेक्टर लावायचा. विद्यार्थी चारपाच, सगळे निवृत्त, आणि काकूंचे पोहे संपेपर्यंत कमालीचे जिज्ञासू. काका शिकवायचे मात्र जीव तोडून. जुने सातबारे कुठल्या साइटवर बघायचे, शाळेतून दाखल्याचा उतारा कसा मागायचा, आणि उपाध्यायांच्या वह्यांचे फोटो कसे उघडायचे. पंचवटीत कुणी अस्थी घेऊन आलं की त्या घराण्याचे उपाध्याय आपल्या वहीत सगळ्या घरादाराची नावं लिहून घेतात. पिढ्यान्‌पिढ्या हे चालत आलंय, आणि त्यातल्या बऱ्याच वह्यांचे फोटो आता इंटरनेटवर आहेत. "त्या वह्यांत अख्खा महाराष्ट्र पडलाय," काका म्हणायचे, "आणि तो मी बनियनवर बसून बघतो."

नाशिकरोडहून पंचवटी सिटी बसने फार तर पाऊण तास. काका तिकडे एकदाही गेले नव्हते. कुणी विचारलं तर म्हणायचे, "ऑनलाइन असताना ऑफलाइन जाणं म्हणजे बदली करून मागे जाणं."

वर्गातल्या फळ्यावर कायम एकच वाक्य असायचं, 'पुराव्याशिवाय पणजोबा नाही.'

आपल्यात थडगी नसतात याचं काकांना फार वाईट वाटायचं. "गोऱ्यांचं बघा, मेल्यावरसुद्धा पत्ता ठेवून जातात. आपण सगळे गोदावरीत." परदेशातली माणसं एका साइटवर आपल्या पूर्वजांच्या कबरींचे फोटो मागतात आणि त्या त्या गावचे हौशी लोक ते काढून पाठवतात. देवळाली कॅम्पच्या जुन्या दफनभूमीचं काम काकांनी अंगावर घेतलं. जाताना काकूंचा भांडी घासायचा ब्रश घेऊन जायचे. दगड घासूनपुसून स्वच्छ करायचे, वर झेंडूचं फूल ठेवायचे, उदबत्ती लावायचे आणि मग फोटो. इंग्लंडातल्या कुठल्याशा आजींना आपल्या पणज्याच्या डोक्यावर झेंडू बघून भरून आलं, त्यांनी लांबलचक पत्र पाठवलं. काकूंनी नवा ब्रश आणला.

एकदा त्यांनी थुंकी तपासून पूर्वज सांगणारा किट मागवला. त्यातल्या नळीत रेघेपर्यंत थुंकायचं असतं आणि आधी अर्धा तास काही खायचं नसतं. काकांच्या तोंडाला ऐनवेळी कोरड पडली. मी लॅबमधली, म्हणून मला बोलावणं आलं. मी तरी काय करणार? शेवटी काकू कैरी घेऊन त्यांच्यासमोर बसल्या आणि तिखटमीठ लावून सावकाश एकेक फोड खाऊ लागल्या. नळी दोन मिनिटांत भरली. तीन महिन्यांनी अहवाल आला, त्यात काका भारतीय असल्याचं लिहिलं होतं. "हे मी इथल्या इथे सांगितलं असतं," काकू म्हणाल्या.

काकांच्या वंशावळीचं झाड ज्या साइटवर होतं ती साइट मोठी मायाळू होती. तुम्ही एक नाव घातलं की ती जगभरच्या नोंदी धुंडाळायची आणि सांगायची, 'जुळणी सापडली'. खाली दोन बटणं, स्वीकारा आणि नाकारा. सोबत एक घंटी वाजायची. घंटी वाजायची म्हटल्यावर पुढचं सांगायला नको. काकांचं बोट आपोआप 'स्वीकारा'वर पडायचं. बघायचं नंतर, आणि नंतर येईपर्यंत दुसरी घंटी वाजलेली असायची. अशा रीतीने त्यांच्या झाडावर सहा हजार माणसं जमली. त्यात एक किल्लेदार होता, एक दिवाण होता, आणि देवळालीला घासून पुसून काढलेला एक इंग्रज सार्जंट काकांचा चुलत आजोबा लागत होता.

"काका, याला पुरावा?" मी एकदा विचारलं.

"साइटकडे असणारच ना. त्याशिवाय घंटी वाजेल का?"

"सहा हजार माणसं जमवलीत," काकू आतून म्हणाल्या, "आणि गिरणीतून दळण आणायला एक नाही."

मला हे सगळं फार गमतीचं वाटायचं. माझ्यावर बेतेपर्यंत.

अंबडच्या एका कारखान्यात लागलेला सागर नावाचा मुलगा कंपनीच्या तपासणीसाठी रक्त द्यायला आमच्याकडे आला होता. त्याची शीर सापडेना. मी तीनदा सुई टोचली. तो एकदाही ओरडला नाही, फक्त चौथ्या वेळी म्हणाला, "मॅडम, उरलेलं उद्या देऊ का?" दुसऱ्या दिवशी तो खरंच आला, काही कारण नसताना. मला तो आवडला, हे सरळच सांगते. सहा महिन्यांनी दोन्ही घरी कळलं. जात जुळत होती, पत्रिका जुळली, तो सिन्नरकडचा, मी येवल्याकडची, त्यामुळे बैठक दोघांनाही सोयीची म्हणून आमच्या काकांच्या पार्किंगमध्ये घ्यायची ठरली. काकूंनी पन्नास माणसांचे पोहे भिजवले. मी त्यांच्या भावाची मुलगी असल्यासारख्या त्या धावपळ करत होत्या.

काकांनाही काहीतरी द्यायचं होतं. त्यांनी मला न सांगता सागरच्या वडिलांना फोन करून पणजोबांपर्यंतची नावं मिळवली होती आणि दोन्ही घराण्यांचं झाड तयार केलं होतं. पोहे वाटून झाले, चहा आला, आणि काकांनी चादरीवर प्रोजेक्टर लावला. डावीकडे आमचं घराणं, उजवीकडे सागरचं. दोन्ही फांद्या वर वर जात एका चौकोनात एकत्र आल्या होत्या. चौकोनात लिहिलं होतं, 'दगडू नामदेव पाटील'. खाली सागरचा फोटो होता, आणि साइटने त्याखाली आपणहून छापलं होतं, 'भाऊ (दूरचा)'.

"अभिनंदन!" काका आनंदाने म्हणाले. "तुम्ही सगळे आधीपासूनच नातेवाईक आहात!"

सागरची आजी पुढच्याच खुर्चीवर बसली होती. पंच्याऐंशीच्या घरातली बाई, पण घरातलं पान तिच्याशिवाय हलत नव्हतं. तिने बशी खाली ठेवली.

"म्हंजे माझा सासरा आन्‌ ह्या पोरीचा पणजा एकच माणूस?"

"हो! एकच!" काका म्हणाले. "कालच जुळणी सापडली."

आजीने मान डोलावली. "तरीच," ती म्हणाली. "म्हातारा दर दिवाळी झाली की बैलं घेऊन येवल्याच्या बाजारला जायचा. आठ आठ दिस यायचा नाय. आता कळलं कशाला जायचा."

आबा ताडकन उठले. "ओ आजी, तोंड सांभाळा! आमचा आजा कधी गावाबाहेर झोपला नाय!"

"त्याला बाहेर झोपायची काय गरज? तिथंबी त्याचं घरच व्हतं."

"दूरचं नातं आहे हो," काका अजून हसतच होते. "कागदावर 'दूरचा' लिहिलंय बघा."

"दूरचा का जवळचा, भाऊ तो भाऊ," आजी म्हणाली आणि उठली. तिच्या मागे सगळी सिन्नरकडची मंडळी उठली. सागर माझ्याकडे बघत बघत गेला. पन्नास माणसांच्या पोह्यांतले तीस माणसांचे तसेच उरले.

मी इतकी चिडले होते की मला रडूसुद्धा येईना. काकांना म्हणाले, "माझे पणजोबा मला परत द्या. मी खोली सोडते."

"अगं पण नोंद खोटं बोलत नाही," काका म्हणाले. तेवढ्यावर त्यांनी थांबायचं, तर पुढे म्हणाले, "आणि बघ, तुला आयते सातशे नातेवाईक मिळाले."

पुढचे आठ दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. सिन्नरहून निरोप आला की सध्या थांबू या. आमच्याकडे थांबू या म्हणजे काय, ते सगळ्यांना कळतं. आबा फोनवर म्हणाले, "जाऊ दे पोरी, दुसरं बघू." मला दुसरं बघायचं नव्हतं. काकूंनी घरात नुसता वरणभात करायला सुरुवात केली, फोडणीसुद्धा नाही. नवव्या दिवशी त्यांनी काकांचा लॅपटॉप मिटला.

"पोरीचं लग्न मोडतंय आणि तुम्ही पडदा बघत बसलाय. ज्या पानाच्या फोटोवरून ही जुळणी झाली, ती मूळ वही पंचवटीतच आहे ना? चला. आज. मीही येते."

काका नाही नाही म्हणत होते. पाय दुखतो म्हणाले, बस वेळेवर नसते म्हणाले, फोटो आणि वही यांत काही फरक नसतो म्हणाले. काकूंनी चपला त्यांच्या पायाशी आणून ठेवल्या. सागरला मी फोन केला, तो कारखान्यातून परस्पर आला.

ज्या उपाध्याय गुरुजींकडे त्या वह्या होत्या, त्यांची माडी रामकुंडापासून जवळच होती. लाल फडक्यांत बांधलेल्या वह्या छतापर्यंत रचलेल्या. काकांनी घसा खाकरून सुरुवात केली, "दगडू नामदेव पाटील यांची—"

"नाव राहू द्या, आधी गाव सांगा," गुरुजी म्हणाले. "आमच्याकडे माणूस गावाखाली असतो."

मी माझं गाव सांगितलं, सागरने त्याचं. दोन वेगळ्या वह्या खाली आल्या. दोन वेगळी पानं उघडली. दोन दगडू. माझ्या पणजोबांच्या आजोबांचं नाव वेगळं, त्याच्या पणजोबांच्या आजोबांचं वेगळं. बायका वेगळ्या, मुलं वेगळी. माझ्या पणजोबांनी खाली सही केली होती, त्याच्या पणजोबांनी अंगठा उठवला होता. सागरने त्या अंगठ्यावर आपलं बोट टेकवलं आणि माझ्याकडे बघून असा काही हसला की मला गुरुजींच्या देखतच रडू आलं.

काकांनी मोबाइलवर तोच फोटो उघडला आणि बोटाने पान वर सरकवलं. पानाच्या माथ्यावर ठळक अक्षरात गावाचं नाव होतं. इतके दिवस तिथेच होतं.

"मी वर बघितलंच नाही," काका म्हणाले. त्यांचा चेहरा इतका उतरला की मला त्यांची दया यायला लागली, आणि दया येतेय याचाच राग.

"तुमचं गाव कोणतं?" गुरुजींनी त्यांना विचारलं.

"राहू द्या. उशीर होतोय," काका घाईघाईने म्हणाले.

काकूंनी चांदवडजवळचं गाव सांगून टाकलं. वही आली. गुरुजी बोट फिरवत वाचू लागले. "नामदेव. वडिलांच्या अस्थी घेऊन आले. भार्या सोनाबाई. पुत्र दगडू, वय दोन."

"दगडू कोण?" काकूंनी विचारलं. "तुम्हाला भाऊ होता? कधी बोलला नाहीत."

काका खिडकीतून रामकुंडाकडे बघत होते. "मीच," ते म्हणाले.

चाळीस वर्षांच्या संसारात काकूंना हे माहीत नव्हतं. त्या हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून, भिंतीला टेकून हसल्या. मीही हसले. सहा हजार माणसांचा मालक स्वतःच दगडू नामदेव निघाला होता. "म्हणून इकडे फिरकत नव्हतात होय!" काकू म्हणाल्या. काकांनी मान हलवली.

"वर आणखी नावं आहेत," गुरुजी म्हणाले. "त्या दिवशी तर्पणात घेतलेली. मयत पुत्र विठ्ठल. मयत पुत्र रामा. मयत कन्या गोदा."

काकूंचं हसू थांबलं.

"ही कोण?" काकांनी विचारलं. खरंच त्यांना माहीत नव्हतं.

"अहो, तुमच्या आधीची," काकू हळूच म्हणाल्या. "पोरं जगत नव्हती म्हणून तुमचं नाव दगडू ठेवलं. देवासारखं नाव ठेवलं की नजर लागते. दगड कुणी उचलून नेत नाही. आमच्या गावात तसे चार दगडू होते."

काका गुरुजींच्या सतरंजीवर खाली बसले. "शाळेत पोरं मला दगड म्हणायची. मी आठवीत मास्तरांच्या मागे लागून नाव बदलून घेतलं. घरी येऊन आईला म्हणालो, तुला दुसरं नाव सुचलं नाही का? महिनाभर बोललो नाही तिच्याशी. ती काहीच म्हणाली नाही. शेवटपर्यंत काही म्हणाली नाही." त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. माझा आठ दिवसांचा राग त्या सतरंजीवर संपला.

तिथूनच आम्ही थेट सिन्नरला निघालो. गाडीत बसल्यावर काकांनी मोबाइल काढला आणि झाड पुसायला घेतलं. साइटने तीनदा विचारलं, नक्की का? किल्लेदार गेला, दिवाण गेला.

"सार्जंटपण?" काकूंनी विचारलं.

काकांनी विचार केला. "त्याला राहू दे," ते म्हणाले. "त्याचं इथे कुणी नाही."

सागरच्या घरी मुलीने असं आपणहून जायचं नसतं, पण मी गेले. माझा फोन गेल्यावर आबाही येवल्याहून परस्पर आले. आजी ओट्यावर लसूण सोलत बसली होती. काकांनी तिच्यासमोर उभं राहून, हात जोडून सांगितलं की चूक झाली, दोन दगडू वेगवेगळे आहेत, वही बघून आलोय, हा बघा फोटो.

"त्या मोबाइलमधलं मला दावू नका," आजी म्हणाली. "त्यानंच घोटाळा केला. परवा एक माणूस म्हनला, आज दोन म्हनतोय. उद्या पुन्हा घंटी वाजली मंग?"

सागर काही बोलायला गेला, तिने त्याला हातानेच गप्प केलं. आबा माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं, संपलं.

काकांनी मोबाइल खिशात टाकला. काकूंकडे एकदा बघितलं.

"आजी," ते म्हणाले, आणि त्यांची ती नाशिकरोडची स्वच्छ भाषा कुठल्या कुठे गेली, "माझं नाव दगडू हाय. बापाचं नाव नामदेव. गाव चांदवडकडं. मीबी दगडू नामदेव. आता तुम्हीच सांगा, मी ह्या पोरीचा पणजा का तुमचा सासरा?"

आधी आबा हसले. मग सागरचे वडील. मग ओट्याखाली उभे असलेले शेजारीसुद्धा हसायला लागले. आजी हसली नाही. तिने लसणाची परडी बाजूला सारली.

"तुज्या आदी किती गेली रं?" तिने विचारलं.

"तीन," काका म्हणाले. "विठ्ठल, रामा आन्‌ गोदा."

"माझ्या सासऱ्याच्या आदी चार गेली व्हती," आजी म्हणाली. "म्हनून तो दगडू. नावं म्हाईत हायेत का तुला, लय चांगलं झालं. त्याच्या भावंडांची नावं आमच्यात कुनालाच म्हाईत नाय." मग ती आबांकडे वळली. "पावनं, बसा. म्हाताऱ्याला मी उगंच बोलले. बैलंच इकायला जात आसंल बिचारा. तारीख काढा तुम्ही."

मी काकूंचा हात धरला तो इतका घट्ट की त्या "अगं, बांगडी" म्हणाल्या. आतून चहा आला. सगळे एकदम बोलू लागले, कार्यालय कुठलं, मुहूर्त कधीचा, आणि काका एकटेच ओट्याच्या कडेला खांबाला टेकून उभे राहिले.

"दगडू," आजीने हाक मारली, "च्या घे बाबा, निवतोय."

"ओ," काका म्हणाले, आणि कप घ्यायला पुढे झाले.